कारागिराची नमुना-वही आता संकेतस्थळावर : साधन निवडताना काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात नमुना-वहीला किती महत्त्व आहे, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईक पेढीवर आले की आधी वही उघडली जाते. कापडाचा हातभर तुकडा, त्याखाली पन्ना, सुताचा काउंट, रंग पक्का की कच्चा आणि भाव. वही चांगली असेल तर अर्धा सौदा तिथेच होतो. सुतार, जरदोजी करणारा, कातिब, शिंपी, विणकर या सर्वांचीही अशी वही असते. कोणाच्या कपाटात ती फोटोंच्या अल्बममध्ये असते, तर कोणाच्या फोनमध्ये हजारो चित्रांच्या गर्दीत हरवलेली असते.

आज दूरचे गिऱ्हाईक पेढीवर येण्याआधी फोनवर नाव शोधते. तिथे काही सापडले नाही तर ते दुसऱ्याकडे वळते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आपल्या कामाचे नमुने दाखवणारे स्वतःचे छोटे संकेतस्थळ असावे, असा विचार आता अनेकजण करू लागले आहेत. विचार योग्य आहे. परंतु ते कशाने बनवावे, कोणाकडून बनवून घ्यावे आणि त्यावर किती खर्च करावा, या बाबतीत आमच्या लोकांत मोठा गोंधळ दिसतो. या लेखात आम्ही तोच विषय व्यापाऱ्याच्या भाषेत समजावून देण्याचा प्रयत्न करणार आहोत. येथे विचार फक्त नमुने दाखवण्याच्या संकेतस्थळाचा आहे. ऑनलाइन विक्री, पैसे स्वीकारणे, माल परत घेणे हा वेगळा विषय आहे.

फेसबुक, इन्स्टाग्राम असताना संकेतस्थळ कशाला?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. या माध्यमांचा उपयोग नक्कीच आहे आणि तो करावा. पण ती दुसऱ्याची जागा आहे. मेळ्यात गाळा मिळाला म्हणून कोणी आपली पेढी बंद करत नाही.

तीन उदाहरणे पाहा. जिओसिटीज नावाच्या सेवेवर १९९४ पासून लोक फुकट पाने बनवत होते. याहूने ती १९९९ साली विकत घेतली आणि २००९ साली बंद केली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. तिथे ज्या कारागिरांनी हजारो प्रेक्षक जमवले होते, त्यांची ती जमवाजमव एका दिवसात गेली. गुगल आपल्या व्यवसाय-नोंदणीबरोबर छोट्या दुकानदारांना एक फुकट संकेतस्थळ देत असे. ती संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. नकाशावर दुकान दाखवणारी मोफत नोंदणी मात्र चालू आहे आणि ती प्रत्येकाने करावी.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. जागा ज्याची, मर्जी त्याची. आपण एवढेच पाहावे की आपल्या हुनराची ओळख पूर्णपणे दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये.

तीन वस्तू वेगवेगळ्या ओळखा

संकेतस्थळ म्हणजे एक वस्तू नाही. त्यात तीन वस्तू असतात आणि बहुतेक फसगत या तीन एकत्र केल्यामुळे होते.

पहिली वस्तू म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ही दुकानावरची पाटी आहे. ती कायमची विकत मिळत नाही. वर्षाच्या हिशेबाने तिची नोंदणी होते आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत करता येते. मुदत संपली आणि नूतनीकरण केले नाही, तर काही काळाने ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. शेवटी ‘डॉट इन’ असलेल्या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. शेवटी ‘डॉट भारत’ असलेली देवनागरीतील नावेही २०१४ पासून मिळतात.

दुसरी वस्तू म्हणजे जागा, म्हणजे होस्टिंग. आपली पाने आणि चित्रे ज्या संगणकावर चोवीस तास ठेवली जातात ती ही जागा. याचे भाडे असते, क्वचित ती फुकटही मिळते.

तिसरी वस्तू म्हणजे साधन. पाने ज्याने बनतात ते. दुकानाची मांडणी करणाऱ्या सुताराची हत्यारे समजा.

पाटी, गाळा आणि सुतार ही तीन माणसे वेगळी असली तर एकाशी बिनसले तरी बाकी दोन शाबूत राहतात. तिन्ही एकाच्या हाती दिले तर तो म्हणेल तो भाव.

नाव आपल्याच नावावर असावे

आमच्या परिचयातील एका जरदोजी कारागिराची हकीकत सांगतो. त्यांचे काम फार नाजूक. भाच्याच्या एका मित्राने त्यांना संकेतस्थळ बनवून दिले. काम प्रामाणिकपणे केले, पैसेही माफक घेतले. पण डोमेनची नोंदणी त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर केली. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी आखाती देशात गेला, फोन नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या आणि त्या कोणी पाहिल्या नाहीत. मुदत संपली. पुढे ते नाव कोण्या परक्याने घेतले. इकडे कारागिराच्या कार्डांवर, पिशव्यांवर आणि कपड्याच्या लेबलांवर तेच नाव छापलेले. जुनी गिऱ्हाइके त्या नावावर गेली की भलतेच पान उघडू लागले. कारागिराने तक्रार करायची तर कोणत्या आधारावर? कागदोपत्री ते नाव त्यांचे कधी नव्हतेच.

म्हणून साधन कोणतेही निवडा, पण या चार गोष्टी स्वतः करा :

१) डोमेनची नोंदणी स्वतःच्या किंवा पेढीच्या नावाने करावी. बिल त्याच नावाने घ्यावे.
२) त्यासाठी एक वेगळा ई-मेल ठेवावा. त्याचा पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावा.
३) शक्य असल्यास एकदम तीन किंवा पाच वर्षांचे पैसे भरावेत आणि मुदतीची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी.
४) बनवणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. मालकाचे खाते त्याच्या हाती देऊ नये.

नाव निवडताना ते सोपे घ्यावे. हिमरूसारख्या शब्दाचे रोमन स्पेलिंग कोणी दोन ‘ओ’ लावून करतो, कोणी एका ‘यू’ने. फोनवर एकदा सांगितले की समोरच्याला बरोबर लिहिता आले पाहिजे. देवनागरी नाव आपल्या लोकांना सोयीचे आहे, पण परगावचे आणि परदेशचे गिऱ्हाईक ते टाइप करू शकणार नाही. घ्यायचेच असेल तर रोमन नावाच्या जोडीला घ्यावे.

साधनांचे चार रस्ते

पहिला रस्ता : हाताने लिहिलेली पाने. संकेतस्थळाची मूळ भाषा एचटीएमएल आहे. पानावर काय आहे ते एचटीएमएल सांगते आणि ते कसे दिसावे ते सीएसएस सांगते. घरातील दहावी-बारावीचा हुशार मुलगा किंवा मुलगी दोन-तीन महिन्यांत कामापुरते शिकू शकते. अशी पाने हलकी असतात, साध्या फोनवर झटकन उघडतात, त्यांना रोजची देखभाल लागत नाही आणि चोरांना फोडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. सगळे संकेतस्थळ एका पेनड्राइव्हवर मावते. उद्या जागा बदलायची झाली तर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले की झाले. अडचण एकच : नवीन नमुना टाकायचा असेल तर ज्याला ही भाषा येते तोच टाकू शकतो.

अशी पाने ठेवण्यासाठी काही ठिकाणी फुकट जागा मिळते. परंतु अटी वाचाव्यात. उदाहरणार्थ, गिटहब पेजेस ही सेवा फुकट आहे, पण ऑनलाइन धंदा किंवा विक्री चालवण्यासाठी ती वापरू नये, असे तिच्या नियमांत लिहिलेले आहे. शिकणाऱ्याने आपले काम दाखवावे ते ठीक. पेढीसाठी जागा भाड्याने घेतलेली बरी.

दुसरा रस्ता : साचा लावून पाने तयार करणारी साधने. ह्यूगो, जेकिल, इलेव्हंटी ही त्यांची नावे. यात साचा एकदाच बनवायचा. मग प्रत्येक नमुन्याची माहिती साध्या मजकुरात लिहिली की साधन स्वतः सर्व पाने तयार करून देते. मागावर जसे डॉबीची नक्षी एकदा बसवली की वाराच्या वार कापड निघते, तसेच हे. तयार झालेली पाने पहिल्या रस्त्याइतकीच हलकी आणि टिकाऊ असतात. शंभर-दोनशे नमुने असतील तर हा रस्ता उत्तम. पण साचा बसवणारा माणूस जाणकार हवा.

तिसरा रस्ता : वर्डप्रेस. हे २००३ साली सुरू झालेले, कोणालाही फुकट वापरता येणारे साधन आहे. जगातील संकेतस्थळांपैकी दर पाचांत सुमारे दोन त्यावर चालतात. त्यामुळे ते जाणणारा माणूस जवळजवळ प्रत्येक शहरात मिळतो, आणि हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. एक कारागीर सोडून गेला तर दुसरा मिळेल. एकदा उभे राहिले की फोनवरूनही नवीन चित्र टाकता येते.

येथे दोन नावांचा घोळ होतो, तो समजून घ्या. ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’ वरून साधन फुकट मिळते, ते आपण भाड्याच्या जागेवर बसवतो. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ ही त्याच साधनावर चालणारी एका कंपनीची सेवा आहे, तिथे जागा आणि देखभाल कंपनीची आणि भाडेही कंपनीच्या दराने. ‘वर्डप्रेसवर बनवतो’ असे कोणी म्हणाले तर यांपैकी कोणते, ते आधी विचारा.

वर्डप्रेसला देखभाल लागते. त्यात प्लगइन नावाची जोडसाधने घालतात. ती वेळोवेळी अद्ययावत केली नाहीत तर चोरांना वाट मिळते. आपल्या पानावर परक्या जाहिराती दिसू लागल्या, अशा तक्रारी बहुधा दुर्लक्ष झालेल्या वर्डप्रेसच्याच असतात. म्हणून प्लगइन जेवढी कमी तेवढे बरे, आणि महिन्यातून एकदा पाहणारा माणूस ठरलेला असावा.

चौथा रस्ता : तयार सेवा. विक्स, स्क्वेअरस्पेस, गुगल साइट्स यांसारख्या. माऊसने चित्रे ओढून ठेवायची, मजकूर भरायचा की संकेतस्थळ तयार. कोणतीही भाषा शिकावी लागत नाही, देखभाल कंपनी करते. ज्याला एका आठवड्यात काम हवे आहे आणि मदतीला कोणी नाही, त्याला हा रस्ता सोपा पडतो. गुगल साइट्स फुकट आहे, पण मांडणीचे पर्याय मोजके आहेत. बाकीच्यांचे भाडे महिन्याचे किंवा वर्षाचे. विक्सच्या फुकट प्रकारात त्यांची जाहिरात राहते आणि आपले स्वतःचे नाव लावता येत नाही.

मोठी अडचण निघून जाताना येते. विक्सवर बनवलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या जागेवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून काही भाग बाहेर काढता येतो, सगळा नाही. म्हणजे भाडे वाढले तर भरा, नाहीतर नव्याने बांधा. ज्या गाळ्यात आपण केलेले फर्निचर सोडताना नेता येत नाही, तो घेताना व्यापारी जसा विचार करतो तसाच येथे करावा.

हिशेब तीन वर्षांचा करा

जाहिरातीत पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरांत असतो. नूतनीकरणाचा भाव खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो बहुधा जास्त असतो. म्हणून तीन वर्षांची बेरीज करूनच तुलना करावी. पुढील आकडे आम्ही फक्त रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. आपण आपल्याला मिळालेले भाव घालावेत आणि वर जीएसटी धरावा.

समजा डोमेन वर्षाला १,००० रुपये.

हाताने लिहिलेली पाने, फुकट जागा : डोमेन ३,०००, बनवणाऱ्याची एकरकमी मजुरी ८,०००, पुढील दोन वर्षे फेरफारासाठी १,००० प्रमाणे २,०००. एकूण १३,००० रुपये.

भाड्याच्या जागेवर वर्डप्रेस : डोमेन ३,०००, जागा पहिल्या वर्षी १,५०० आणि नंतर ४,००० प्रमाणे दोन वर्षे, म्हणजे ९,५००, मजुरी ८,०००. एकूण २०,५०० रुपये. देखभालीचा माणूस ठेवला तर त्याचे वेगळे.

तयार सेवा, स्वतः बनवलेली : महिना ४०० प्रमाणे ३६ महिन्यांचे १४,४००, डोमेन पहिल्या वर्षी फुकट आणि पुढे दोन वर्षे २,०००. एकूण १६,४०० रुपये.

पाहा, महिना चारशे रुपये हा आकडा सर्वांत लहान वाटत होता, पण तीन वर्षांत तो पहिल्या रस्त्याच्या पुढे गेला. उलट ज्याला बनवणारा माणूसच मिळत नाही, त्याला तोच रस्ता परवडेल. आकड्यांच्या जोडीला आपली परिस्थिती मांडली म्हणजे निर्णय सोपा होतो.

एक सूचना. संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर चालावे म्हणून जे सुरक्षा-प्रमाणपत्र लागते, त्याचे वेगळे पैसे मागितले तर विचारा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीपासून असे प्रमाणपत्र फुकट देते आणि बऱ्याच जागावाल्यांकडे ते भाड्यातच मिळते.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

१) नवीन नमुना कोण टाकणार? मालक, मुलगी, गुमास्ता की बाहेरचा माणूस? ज्याला टाकायचे आहे त्यालाच समोर बसवून एक नमुना टाकून पाहायला सांगा. त्याला जमले नाही तर ते साधन आपल्यासाठी नाही.
२) सोडून जायचे झाले तर बरोबर काय नेता येईल? मजकूर, चित्रे आणि मांडणी या तिन्हींबद्दल वेगवेगळे विचारा. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलमध्ये मजकूर येतो, चित्रे तिच्यात नसतात. त्यांची प्रत वेगळी काढावी लागते.
३) साध्या फोनवर आणि मंद इंटरनेटवर पान किती वेळात उघडते? बनवणारा आपल्या नव्या संगणकावर दाखवतो. आपण शेजाऱ्याच्या जुन्या फोनवर पाहा.
४) मराठी आणि उर्दू नीट दिसते का?
५) आपली सगळी प्रत घरच्या पेनड्राइव्हवर दर तीन महिन्यांनी मिळेल का? मूळ चित्रे तर आपल्याजवळ असलीच पाहिजेत.

लिपीचा प्रश्न

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि व्यवहार मराठीत चालतो, म्हणून हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा घेतला आहे. छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर संकेतस्थळावर चिकटवला तर तो निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. फोनवर मराठी टाइप केले की ते युनिकोडच असते, त्यामुळे काळजी फक्त जुन्या फाइलींची.

उर्दूसाठी दोन गोष्टी तपासा. पान उजवीकडून डावीकडे लावता येते का, आणि नस्तालीक फॉन्ट बसवता येतो का. हाताने लिहिलेल्या पानांत आणि वर्डप्रेसमध्ये दोन्ही जमते. तयार सेवांपैकी सर्वांत ते सारखे नीट होत नाही. आधी एक ओळ टाकून पाहा. उर्दू अक्षरांचे चित्र बनवून टाकण्याचा मार्ग काहीजण सुचवतात. तसे करू नये. चित्रातील मजकूर नीट शोधला जात नाही आणि लहान फोनवर वाचता येत नाही. कातिब बंधूंचे काम याला अपवाद आहे, कारण तिथे अक्षर हाच माल आहे.

वहीत काय ठेवावे

साधन कितीही उत्तम असले तरी नमुने नीट नसतील तर उपयोग नाही. सगळे काम दाखवण्याचा मोह टाळावा. बारा ते वीस नमुने पुरे. गिऱ्हाईक जे काम पाहील तेच मागेल, म्हणून जे काम पुन्हा करायची तयारी आहे तेच ठेवावे.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी घ्यावा. ट्यूबलाइटखाली कापडाचा रंग बदलतो आणि मग माल पोचल्यावर वाद होतात. प्रत्येक नमुन्याचे तीन फोटो घ्या : पूर्ण वस्तू, जवळून बारकावा आणि मागची बाजू. जाणकार गिऱ्हाईक जरीकामाची आणि विणीची पारख मागच्या बाजूवरूनच करते. एका फोटोत मोजपट्टी ठेवा म्हणजे बुट्ट्याचा आकार कळतो. फोनमधला फोटो पाच-सहा एमबीचा असतो. तो लहान करून दोनशे-तीनशे केबीवर आणावा, नाहीतर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाईल.

फोटोखाली खरी माहिती लिहा : कापूस किती, रेशीम किती, हातमाग की यंत्रमाग, जर कशी आहे, एक नग तयार व्हायला किती दिवस लागतात. छत्रपती संभाजीनगरची हिमरू, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, ही सूत आणि रेशीम यांच्या मेळातून विणली जाते. यंत्रावर काढलेला तसा दिसणारा माल त्याच नावाने विकला जातो तेव्हा हातमागाच्या विणकराचे पोट मारले जाते. ज्याच्या संकेतस्थळावर मागाचा, विणणाऱ्या हातांचा आणि मागच्या बाजूचा फोटो आहे, त्याला गिऱ्हाइकाशी कमी वाद घालावा लागतो. दुसऱ्याच्या कामाचा फोटो मात्र आपल्या वहीत कधी ठेवू नये. एकदा उघडकीस आले की खऱ्या नमुन्यांवरचाही विश्वास जातो.

घरात बसून काम करणाऱ्या भगिनींनी एक काळजी घ्यावी. फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेची नोंद दडलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करून मगच नमुन्यांचे फोटो काढावेत. संपर्कासाठी घरच्या नंबराऐवजी कामाचे वेगळे सिमकार्ड ठेवावे. पत्ता म्हणून मोहल्ला आणि शहर एवढे पुरते.

नक्षीची राखण

‘नक्षी दाखवली तर चोरी होईल’ ही भीती अनेक कारागीर बोलून दाखवतात. भीती खोटी नाही. त्यासाठी पूर्ण खाका किंवा नक्षीचा सबंध फेर सपाट ठेवून काढलेला फोटो टाकू नये. नेसलेली किंवा पांघरलेली वस्तू दाखवावी.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. २००० सालच्या डिझाइन कायद्याप्रमाणे नवीन नक्षीची नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षांचे मिळते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. पण नक्षी आधीच जाहीर झालेली असेल तर नोंदणी मिळत नाही, आणि संकेतस्थळावर टाकणे म्हणजे जाहीर करणेच. ‘काढणारा मीच, म्हणून हक्क माझाच’ एवढ्यावर विसंबू नये. नोंदणी होऊ शकणारी पण न केलेली नक्षी पन्नासपेक्षा जास्त वेळा औद्योगिक रीतीने छापली किंवा विणली गेली की तिच्यावरचा कॉपीराइट राहत नाही, अशी तरतूद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. म्हणून जी नक्षी खरोखर नवीन आणि मोलाची आहे, तिच्यासाठी क्रम असा ठेवावा : आधी जाणकार वकिलाचा सल्ला आणि अर्ज, नंतर फोटो. परंपरेने चालत आलेल्या बुट्ट्यांना हा प्रश्न नाही; ते खुशाल दाखवावेत.

कोणी काय निवडावे

एकटा कारागीर, वीसच्या आत नमुने, वर्षातून दोन-तीनदा बदल, आणि घरात शिकण्याची आवड असलेले मूल : हाताने लिहिलेली पाने. मुलाच्या हाती एक हुनर येईल ते वेगळेच.

एकटा कारागीर, मदतीला कोणी नाही : तयार सेवा, पण स्वतःच्या डोमेनवर. डोमेन सेवेकडून फुकट मिळत असले तरी ते वेगळे विकत घ्यावे. पुढे सेवा बदलली तरी पाटी तीच राहील आणि गिऱ्हाइकाला कळणारही नाही.

पेढी किंवा कारखाना, दर महिन्याला नवे नमुने, कामाला दोन माणसे : वर्डप्रेस, देखभालीच्या लेखी करारासह.

नमुने शेकड्यांनी, फेरफार एकाच ठरावीक पद्धतीचे, आणि जाणकार माणूस हाताशी : साचा लावणारी साधने.

बनवून घेणार असाल तर एका कागदावर एवढे लिहून दोघांनी सही करावी : डोमेन आणि जागा कोणाच्या नावावर, पासवर्ड कधी मिळणार, फोटो आणि मजकूर कोणाच्या मालकीचे, मजुरी किती आणि किती हप्त्यांत, वर्षभरात किती फेरफार त्यातच धरले आहेत. शेवटचा हप्ता सर्व पासवर्ड आणि पूर्ण प्रत हातात पडल्यावर द्यावा. बनवणारा तरुण ओळखीचा, नात्यातला असला तरी कागद करावा. उधारीच्या व्यवहारात आपण नातेवाइकाचीही चिठ्ठी घेतो, त्यात कोणाचा अपमान होत नाही. आणि त्या तरुणाची ठरलेली मजुरी वेळेवर द्यावी, कारण पुढच्या वर्षी गरज पडेल तेव्हा तोच धावून येणार आहे.

वाचक बंधू-भगिनींनी या आठवड्यात एवढे दोनच करावे. ज्यांचे संकेतस्थळ आधीच आहे, त्यांनी डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि मुदत केव्हा संपते हे विचारून वहीत लिहावे. ज्यांचे नाही, त्यांनी आपले बारा उत्तम नमुने निवडून खिडकीजवळ त्यांचे फोटो काढावेत. साधनाचा प्रश्न त्यानंतर घ्यावा.